जळवेची साक्ष

जळू म्हटली की अंगावर शहारा येतो. अशुद्ध रक्त काढण्यासाठी जुने वैद्य जळवा लावीत, एवढीच आपली तिची ओळख. पण हाच तुच्छ जीव मज्जातंतूंच्या एका मोठ्या वादात साक्षीला उभा राहिला, हे वाचले तेव्हा मी थक्क झालो.

आपण पणती लावायला हात पुढे करतो. मज्जातंतूचा हुकूम हाताच्या स्नायूला पोचतो तरी कसा? काही म्हणत विजेने, काही म्हणत रसायनाने. १९२१ साली ग्राट्स येथे ओटो लेवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून ठोके मंद केले व त्यातला द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावले! हृदयापुरते रसायन सिद्ध झाले. पण हातापायांच्या स्नायूंचे काय? ॲसिटिलकोलिन हे ते द्रव्य अतिसूक्ष्म प्रमाणात सुटते आणि क्षणार्धात नष्टही होते. मग चोर सापडावा कसा?

येथे जळू धावून आली. बर्लिनमध्ये विल्हेल्म फेल्डबर्ग व ब्रुनो मिन्झ तिच्या पाठीच्या स्नायूची पट्टी एसेरीन मिसळलेल्या द्रावात टांगीत. आफ्रिकेतल्या एका विषारी बीचे हे एसेरीन ॲसिटिलकोलिनचा नाश थोपवते. मग अब्जांश ग्रॅमच्या घरातल्या अंशानेही पट्टी आकसे, आणि तिला जोडलेली काडी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर पांढरी रेघ ओढी.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले. फेल्डबर्ग ज्यू, त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. लंडनच्या सर हेन्री डेल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. १९३६ साली डेल, फेल्डबर्ग आणि जर्मनी सोडून आलेल्या मार्था फोग्ट यांनी दाखवून दिले की, ऐच्छिक स्नायूंच्या मज्जातंतूंतूनही ॲसिटिलकोलिनच सुटते. साक्षीदार अर्थात जळू! त्याच वर्षी डेल व लेवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज असली मोजमापे यंत्रे करतात. जळवेची नोकरी सुटली. मला मात्र राहून राहून वाटते, बर्लिनने एका माणसाला दाराबाहेर काढले खरे. पण त्याच्या बोटांतली विद्या काही कुणाला ठेवून घेता आली नाही.