कुष्ठरोगाचे सूक्ष्मदर्शकीय निदान

कुष्ठरोगाचे सूक्ष्मदर्शकीय निदान म्हणजे रुग्णाच्या त्वचेतील रसाचा लेप किंवा त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केलेले रोगनिदान होय. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेचे वैद्य हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधले. परंतु ते कृत्रिम पोषकद्रव्यावर अद्याप वाढवता आलेले नाहीत. त्यामुळे या तपासणीचे महत्त्व टिकून आहे.

लेपासाठी कानाची पाळी, भुवई किंवा चट्ट्याची कड चिमटीत घट्ट धरून बारीक छेद देतात. चिमटी सैल पडून रक्त मिसळले की लेप बिघडतो. झील-नील्सन रंजनात जंतू लाल दिसतात. मात्र ते क्षयाच्या जंतूंइतके आम्लसह नसल्याने तीव्र आम्लाने त्यांचाही रंग निघून जातो. उलट, रंगाचे स्फटिक किंवा नळाच्या पाण्यातील निरुपद्रवी आम्लसह जंतू फसवे होकारार्थी उत्तर देऊ शकतात. अल्पजंतू प्रकारात तर जंतू बहुधा सापडतच नाहीत. म्हणून नकारार्थी लेपावरून रोग नाही असे म्हणणे चूक ठरते.

तुकड्याच्या तपासणीत चकवे अधिक आहेत. क्षयसदृश कुष्ठातील पेशींच्या गाठी त्वचेचा क्षय व सार्कॉइडोसिस यांतही दिसतात. त्वचेतील मज्जातंतूचा झालेला नाश हीच येथे भरवशाची खूण. १९६३ मध्ये वेड यांनी वर्णिलेला हिस्टॉइड प्रकार तर साध्या तंतुमय गाठीसारखा दिसतो. मेणात बसवलेल्या तुकड्यातील जंतूंचा आम्लसहपणा घटतो, यासाठी फाइट-फराको रंजन वापरतात. त्यात चक्क शेंगदाणा तेल लागते. तुकडा उथळ घेतला तर खोलवरचे मज्जातंतू हातीच लागत नाहीत. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी आरंभीच्या चट्ट्यांतील अशा बदलांचा विशेष अभ्यास केला.

चुकीच्या होकाराने रुग्णाच्या वाट्याला विनाकारण औषधे व सामाजिक बहिष्कार येतो. चुकीच्या नकाराने उपचार लांबून बोटे वाकडी होऊ शकतात. लांज्यासारख्या कोकणातील तालुक्याच्या गावाहून तुकडा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा झाल्यास तो तत्काळ फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा लागतो. सोबतच्या कागदावर चट्ट्याची जागा, तेथील बधिरता आणि जाड झालेल्या मज्जातंतूंची नोंद असावी लागते. एरवी तपासणाऱ्यापुढे पेशींचे चित्र तेवढे असते, रुग्ण नसतो.