लंडन शहरांतील तीन उपेक्षित संग्रहालयें

लंडन शहरीं जाणारा इतिहासप्रेमी मनुष्य ब्रिटिश म्युझियम पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. इ. स. १७५३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या त्या विशाल संस्थेचें महत्त्व निर्विवाद आहे. देशोदेशींच्या वस्तु एकत्र पाहून त्यांची तुलना करण्याची तेथील सोय अन्यत्र फार थोड्या ठिकाणीं आढळेल. परंतु त्याच म्युझियमच्या दरवाजापासून एका मैलाच्या आंत तीन लहान संग्रहालयें आहेत व त्यांकडे प्रवाशांचीं पावलें क्वचितच वळतात. त्यांचें वर्णन करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. वस्तु आणि तिच्या संबंधाचा कागद यांची ताटातूट झाली असतां काय हानि होते व ती टाळली असतां काय लाभ होतो, याचा निवाडा या तीन ठिकाणीं प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तो जुने कागद जमविणाऱ्या वाचकांपुढें ठेवावा, असा उद्देश आहे.

पहिलें संग्रहालय सर जॉन सोन यांचें. सोन हे बँक ऑफ इंग्लंडचे स्थपति. लिंकन्स इन फील्ड्स येथील १२, १३ व १४ क्रमांकांचीं घरें त्यांनीं नव्यानें बांधून काढलीं आणि शिल्पखंड, चित्रें, नकाशे व ग्रंथ यांनीं भरून टाकलीं. मिसरदेशचा राजा पहिला सेती याचें थडगें बेल्झोनी यानें १८१७ सालीं शोधून काढलें. त्यांतील पाषाणाची शवपेटी ब्रिटिश म्युझियमनें नाकारल्यावर सोन यांनीं १८२४ सालीं २,००० पौंडांस विकत घेतली. ती आजहि त्यांच्या तळघरांत आहे. १८३३ सालीं त्यांनीं पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेतला. आपल्या मृत्युसमयीं जशी मांडणी असेल तशीच ती शक्यतों राखावी, असें त्यांत आहे. १८३७ सालीं ते वारले. पुढें कांहीं खोल्यांची मांडणी बदललीच. दुसऱ्या मजल्यावरील त्यांच्या खासगी खोल्यांचें मूळ रूप नाहींसें झालें. परंतु त्या वेळचीं रंगीत चित्रें व याद्या शिल्लक होत्या. त्यांच्या आधारें त्या खोल्या पुन्हां पूर्ववत् करून २०१५ सालीं लोकांस खुल्या करण्यांत आल्या. कायद्याला जें राखतां आलें नाहीं तें कागदानें परत मिळवून दिलें.

दुसरें संग्रहालय युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारांत, पूर्वीं तबेला असलेल्या एका इमारतींत आहे. अमेलिया एडवर्ड्स या विदुषीनें १८९२ सालीं मृत्युपत्रानें आपला संग्रह व मिसरविद्येच्या अध्यापकपदासाठीं द्रव्य या कॉलेजास दिलें. त्या पदावर आलेले पहिले अध्यापक फ्लिंडर्स पेट्री यांनीं १९१३ सालीं आपला संग्रहहि कॉलेजास विकला. आज तेथें सुमारें ८०,००० वस्तु आहेत. त्यांत डोळे दिपविणारें सोनेंनाणें थोडें; मडकीं, मणी, खापऱ्या व चिंध्याच अधिक. पण पेट्री यांचा कटाक्ष असा कीं, कोणती वस्तु कोणत्या थडग्यांत कशाच्या सोबत सांपडली, तें टिपलेंच पाहिजे. लेखनकलेच्या पूर्वीच्या सुमारें ९०० थडग्यांतील मडक्यांचे प्रकार त्यांनीं एकेका चिठ्ठीवर उतरले आणि त्या चिठ्ठ्या मागेंपुढें सरकवून थडग्यांचा कालक्रम लाविला. या क्रमाला त्यांनीं ३० ते ८० असे आंकडे दिले. त्याहून जुनें कांहीं सांपडल्यास त्यास जागा असावी म्हणून पहिले २९ आंकडे मोकळे ठेवले. एकहि शिलालेख हाताशीं नसतां हें साधलें, तें केवळ सोबतीची नोंद अभंग राहिली म्हणून.

याच संग्रहांतील दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. तारखान येथील २०५० क्रमांकाच्या थडग्यांतून पेट्री यांच्या उत्खननांत मळक्या कापडांचें एक गांठोडें निघालें. तें तसेंच पडून होतें. १९७७ सालीं तें स्वच्छ करण्यासाठीं उलगडलें तेव्हां त्यांत घड्या घातलेल्या बाह्यांचा तागाचा एक अंगरखा आढळला. कोंपराजवळच्या चुण्यांवरून तो कोणीतरी अंगांत घातलेला होता, हें स्पष्ट दिसतें. २०१५ सालीं झालेल्या कार्बन-परीक्षेनें त्याचा काळ इ. स. पूर्वीं ३४८२ ते ३१०२ च्या दरम्यानचा ठरला. आज ज्ञात असलेल्या विणलेल्या पोषाखांत तो सर्वांत जुना मानला जातो. निरुपयोगी म्हणून गांठोडें टाकून दिलें असतें, किंवा त्याचा क्रमांक हरवला असता, तर या वस्त्राची कथा कोठून कळती?

तिसरें संग्रहालय ब्रन्स्विक स्क्वेअर येथील फाउंडलिंग म्युझियम. थॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थानें सतरा वर्षें खटपट करून १७३९ सालीं बेवारशी अर्भकांच्या पालनासाठीं राजसनद मिळविली व १७४१ सालीं पहिलीं मुलें दाखल झालीं. मातेचें नांव विचारीत नसत. मुलाचें वय, कपडे व शरीरावरील खुणा एका छापील नमुन्यावर लिहून घेत आणि त्यास नवें नांव व क्रमांक देत. पुढेंमागें माता परत आली तर ओळख पटावी म्हणून एखादी खूण त्या नमुन्याशीं जोडून ठेवीत: कोरलेलें नाणें, फीत, एखादी अक्रोडासारखी कवची, नाहींतर मुलाच्या झबल्याचा कापलेला तुकडा. १७४१ ते १७६० पर्यंत १६,२८२ मुलें आलीं. त्यांपैकीं परत नेलीं गेलीं अवघीं १५२.

या संस्थेंत एक जोडी अभंग राहिली. संगीतकार हँडेल यानें मृत्युपत्रान्वयें आपल्या ‘मेसाया’ या रचनेची प्रत व गायकवादकांचे स्वतंत्र भाग संस्थेस दिले. तो १७५९ सालीं वारला. १७५४ सालच्या प्रयोगांतील गायकवादकांस काय दिलें, त्याचा हिशेब संस्थेच्या दप्तरांत आहे. प्रत व हिशेब एकत्र वाचल्यानें ती रचना त्या काळीं कशी सादर होई, हें अभ्यासकांस सांगतां येतें.

दुसरी जोडी मात्र तुटली. १८६० नंतरच्या दशकांत संस्थेच्या चालकांनीं पाहुण्यांस दाखविण्यासाठीं नमुन्यांतील निवडक खुणा काढून घेतल्या व कांचेखालीं मांडल्या. हेतु चांगलाच होता. पण कोणती खूण कोणत्या मुलाची, हें लिहून ठेवावें असें कोणास सुचलें नाहीं. ज्या एका दुव्यासाठीं त्या मातांनीं ती वस्तु ठेवली, तोच दुवा प्रदर्शनासाठीं तोडला गेला. अलीकडे संशोधकांनीं जुन्या नोंदींतील वर्णनें ताडून कांहीं खुणांची गांठ त्या त्या मुलाशीं पुन्हां घालून दिली आहे. बाकीच्या अद्याप मुक्या आहेत. उलट, दिखाऊ नव्हते म्हणून जे कापडाचे तुकडे जागींच राहिले, ते सुमारें ५,००० नमुने आज लंडनच्या सार्वजनिक दप्तरखान्यांत आपापल्या मुलाच्या क्रमांकासह सुरक्षित आहेत. अठराव्या शतकांतील गरीब स्त्रियांच्या वस्त्रांचा एवढा मोठा व सालवार पुरावा त्यांच्यामुळेंच मिळाला.

आपल्याकडील संग्राहकांनीं या गोष्टीचा विचार करावा. जुनें दप्तर हातीं आलें कीं, ठळक शिक्क्याचें किंवा थोर पुरुषाच्या हातचें पत्र तेवढें वेगळें काढण्याचा मोह होतो. तें पत्र कोणत्या घराण्याच्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या मध्यें होतें, हें एकदां विसरलें कीं पुन्हां शोधणें कठीण. म्हणून रुमाल सोडण्यापूर्वीं कागदांस जागच्या जागीं अनुक्रमांक द्यावे, काढलेल्या कागदाच्या जागीं चिठ्ठी ठेवावी, वरचें फडकें व किरकोळ याद्याहि टाकूं नयेत आणि दप्तर कोठून आलें तें त्याच दिवशीं लिहावें. यास खर्च येतो तो दौतभर शाईचा.