गळ्यावरची गाठ : साधी की घातक?

१/ नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा कोणत्याही रुग्णालयात गळ्याला गाठ आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो : ‘डॉक्टर, गाठ साधीच आहे ना?’ आजचा धागा या जुन्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन येते. श्वास कष्टाने चालतो, आवाज फुटला आहे, देह क्षीण झाला आहे, अन्नावरची वासना उडाली आहे आणि वर्ष उलटून गेले आहे, असा रुग्ण वैद्याने हाती घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे.

३/ सुश्रुतांना आजच्या अर्थाने कर्करोग ठाऊक होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांची विभागणी साध्य आणि असाध्य अशी होती. निरीक्षण मात्र अचूक होते. स्वरयंत्राची चेता अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, मागूनच जाते. म्हणून गाठीसोबत आवाज घोगरा झाला, तर आजचे डॉक्टरही सावध होतात.

४/ मग प्रत्येक गाठ कापून का टाकू नये? याचे उत्तर स्वित्झर्लंडमध्ये मिळाले. बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी संपूर्ण ग्रंथी काढलेले अनेक रुग्ण पुढे सुजट आणि मंद झाल्याचे १८८३ मध्ये नोंदवले. ग्रंथीविषयीच्या या कार्यासाठी १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत तेव्हापासून स्पष्ट झाली.

५/ म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच निदान हवे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत मांडली. १९५० च्या दशकापासून स्वीडनमधील डॉक्टरांनी त्यासाठी अधिक बारीक सुई रूढ केली. अवटू ग्रंथीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या ‘पॅपिलरी’ कर्करोगात पेशीकेंद्रकांचे रूपच बदललेले असते. ते सुईच्या नमुन्यातही ओळखता येते.

६/ पण ‘फॉलिक्युलर’ गाठीपुढे सुई थांबते. साध्या आणि घातक फॉलिक्युलर गाठीतील पेशी सारख्याच दिसतात. भेद असतो तो वर्तनात : गाठीने आपले आवरण भेदले का, रक्तवाहिनीत शिरकाव केला का? त्यासाठी गाठ काढून तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्या लागतात. २००७ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे सुईच्या अहवालांसाठी सहा वर्ग ठरले, त्यात ‘अनिश्चित’ निष्कर्षांनाही स्वतंत्र स्थान मिळाले.

७/ २०१६ मध्ये तर एका गाठीचे नावच बदलले. पॅपिलरी कर्करोगाच्या एका प्रकारात गाठ आवरणातच राहते. अशा १०९ रुग्णांचा किमान दहा वर्षे मागोवा घेतला असता एकातही रोग उरल्याचा वा परतल्याचा पुरावा आढळला नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने त्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच वगळला. गाठ तीच, पण रुग्णाच्या माथ्यावरचे ओझे उतरले आणि पुढील उपचारही सौम्य झाले.

८/ मित्रहो, वैद्यकाचा इतिहास केवळ शोधांचा नसतो, तो वर्गीकरणांचाही असतो. साधे आणि घातक यांतील रेषा आधी हाताने, मग सुरीने, सुईने आणि शेवटी दीर्घ मागोव्याने आखली गेली. अवटू ग्रंथीच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. तरीही तो निर्णय तपासणीने व्हावा, भीतीने किंवा अंदाजाने नव्हे.