जुनेपणाचा रंग

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यावर हिरवा डाग दिसला कीं गृहिणी चिंच घेऊन बसते, आणि भांडें पुनः लखलखूं लागेपर्यंत तिला चैन पडत नाहीं. हा डाग म्हणजे कळंक, आणि कळंक म्हणजे विष, एवढेंच आपणांस ठाऊक. जुन्या चीन देशांतील सुशिक्षित गृहस्थाची दृष्टि याच्या अगदीं उलट होती. त्याच्या लिहिण्याच्या मेजावर फुलदाणी हवी ती कांशाची, आणि तिच्यावर असा हिरवानिळा थर असला तर ती अमोल. या थरासाठीं तो मोठी किंमत मोजावयास तयार असे. आणि असें गिऱ्हाईक जेथें असतें तेथें सामान्य भांड्यावर तोच थर कुंचल्यानें चढवून देणारा कारागीरहि निपजतोच. त्या कारागिराची हकीकत मनोरंजक आहे खरी. परंतु त्याच्या कुंचल्यानें नुसत्या हौशी श्रीमंतांस फसविलें असतें तर आम्हीं ती येथें सांगितली नसती. त्यानें इतिहासाच्या साधनांसच रंग फांसला, आणि त्याचे कृतिपाठ लिहून ठेविले ते विद्वानांनीं!

ज्या पात्रांना पुढें फुलदाण्यांचा मान मिळाला तीं मुळांत फुलांसाठीं घडलेलीं नव्हतींच. इसवी सनापूर्वीं हजार-दीड हजार वर्षें शांग व झोऊ राजवंशांच्या काळीं पितरांना मद्य व अन्न अर्पण करण्याकरितां तीं ओतलीं गेलीं, आणि पुष्कळशीं धन्याबरोबर थडग्यांत गेलीं. जमीन खणतांना तीं वर येऊं लागलीं तेव्हां सुंग राजवटींतील पंडितांनीं त्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. इ. स. १०९२ मध्यें ल्यू दालिन यानें अशा पात्रांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. इ. स. ११०० मध्यें गादीवर आलेला सम्राट हुइझोंग तर या छंदांत आकंठ बुडालेला. त्याच्या संग्रहाची ‘बोगू तू’ नांवाची सचित्र सूची ३० भागांची असून तींत ८३९ पात्रें वर्णिलेलीं आहेत. या सम्राटानें जुन्या नमुन्यांवरून नवीं यज्ञपात्रेंहि ओतविलीं. पण तीं नवीं म्हणूनच, त्यांत लबाडी नव्हती. इ. स. ११२७ मध्यें जुर्चेन लोकांनीं राजधानी लुटून सम्राटाला कैद करून नेलें, आणि संग्रहाची वाताहत झाली. सूची मात्र राहिली. मिंग काळांत ती पुनः पुनः छापली गेली आणि ओतारी लोकांच्या हातीं पडली. तिच्यांतील लांकडी ठशांच्या चित्रांवरून ते भांडीं ओतूं लागले. इतकें कीं चित्रें कोरणाऱ्यानें केलेल्या चुकाहि कांशांत उतरल्या!

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत झाओ शीहू या राजकुळांतील रसिकानें जुन्या वस्तूंवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, हजार वर्षें मातींत राहिलेलें कांसें खंड्या पक्ष्याच्या पिसाप्रमाणें निळें होतें, आणि हजार वर्षें पाण्यांत राहिलेलें कलिंगडाच्या सालीसारखें हिरवें. अशा भांड्यानें भूमीचें सत्त्व खोलवर शोषिलेलें असतें. म्हणून त्यांत फुलें ठेवलीं तर तीं झाडावर असल्यासारखीं टवटवीत दिसतात, लवकर उमलतात व उशिरा कोमेजतात, प्रसंगीं भांड्यांतच फळ धरतात! तांब्याच्या सान्निध्यांत पाण्यांतले जंतु फारसे वाढत नाहींत हें खरें; पण त्यासाठीं भांडें हजार वर्षें पुरून ठेवण्याचें कारण नाहीं. तथापि ही समजूत टिकली, आणि इ. स. १५९९ मध्यें युआन होंगदाओ यानें पुष्परचनेवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधांतहि ती आढळते. थडग्यांतून निघालेलें मद्यपात्र दिवाणखान्यांत कसें आलें, तें यावरून उमगतें.

परंतु झाओ शीहू येथेंच थांबला नाहीं. खोटें भांडें कसें बनवितात तेंहि त्यानें तपशीलवार लिहून ठेविलें. आरसे उजळण्याकरितां वापरतात तें पारा व कथलाच्या भुकटीचें मिश्रण नव्या भांड्यावर सारखें चोळावें. मग कडक शिरक्यांत नवसागराची बारीक पूड कालवून ती कुंचल्यानें लावावी. चहाचा रंग आला कीं भांडें नुकत्याच काढलेल्या पाण्यांत चटकन् बुडवावें, म्हणजे तोच रंग कायम होतो. आणखी थोडें थांबून बुडविलें तर काळसर रोगणाचा रंग येतो. मुळींच न बुडविलें तर निर्भेळ निळाहिरवा. शेवटीं नव्या फडक्यानें घासून चकाकी आणावी. नव्या कांशाला एक प्रकारचा उग्र वास असतो, तोहि पाऱ्याखालीं दबून जातो. हें सगळें सांगून लेखक स्वतःचें समाधान करून घेतो कीं, जुन्या कांशाचा नाद बारीक व स्वच्छ, नव्याचा जाड व घोंगावणारा. तेव्हां जाणत्याच्या कानाला फसविणें शक्य नाहीं. जुन्या भांड्यावरील हिंगुळासारखे तांबडे डागहि त्यानें असेच पारखले आहेत. खऱ्या भांड्याला उकळत्या पाण्यांत ठेविलें तर डाग अधिकच खुलतात. खोटे डाग रोगणांत हिंगूळ कालवून काढलेले असल्यामुळें सहज ओळखूं येतात, असें तो म्हणतो. या भल्या गृहस्थाला एवढें सुचलें नाहीं कीं, ग्रंथ गिऱ्हाईक वाचील तसा कारागीरहि वाचील.

इ. स. १५९१ मध्यें हांगचौच्या गाओ लियान यानें आपल्या सुखी जीवनावरील मोठ्या ग्रंथांत जी कृति दिली ती पाहिली म्हणजे मधल्या साडेतीनशें वर्षांत ही विद्या किती पुढें गेली होती तें कळतें. भांडें तुरटी व माती कालविलेल्या पाण्यांत भिजवावयाचें, शेकावयाचें, असें तीनदां. हा झाला नुसता पाया. मग नवसागर, मोरचूद, टांकणखार इत्यादिकांची पूड खारट पाण्यांत विरघळवून कुंचल्याचे दोनतीन हात द्यावयाचे, एक-दोन दिवसांनीं धुवावयाचें, पुनः तेंच. त्यानंतर जमिनींत खड्डा खणून तो निखाऱ्यांनीं लाल करावयाचा, त्यांत शिरका ओतून भांडें ठेवावयाचें, शिरक्याच्या गाळानें व मातीनें झांकून तीन दिवस पुरावयाचें. बाहेर काढावें तों नाना रंगांचे ‘प्राचीन’ डाग उमटलेले! वर मेण चोळावें, आणि रंग गडद हवा असेल तर बांबूच्या पानांची धुरी द्यावी. हजार वर्षांचें काम तीन दिवसांत. याच गाओ लियाननें निळ्याहिरव्याच्या जुन्या समजुतीला मात्र हरकत घेतली: रंग माती-पाण्यावर नव्हे, तर धातूच्या शुद्धाशुद्धतेवर ठरतो, असें त्याचें मत. उत्तर पुरतें बरोबर नसलें तरी ग्रंथांतरींचें वचन सोडून धातूकडे पाहण्याची बुद्धि त्याला झाली, हें आम्हांस विशेष वाटतें.

दिवाणखान्याची शोभा म्हणून नव्या फुलदाणीला जुना रंग दिला तर त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. अनर्थ झाला तो एकोणिसाव्या शतकांत, लेखांच्या पायीं. प्राचीन पात्रांवर कोरलेले लेख हें त्या काळाच्या इतिहासाचें अस्सल साधन. म्हणून लेख असलेल्या पात्राला कोऱ्या पात्राच्या कितीतरी पट किंमत येई. शांतुंग प्रांतांतील वेइशियान गांव या धंद्याचें एक मोठें ठिकाण बनलें. भांडें खरोखर जुनें, कोरें घ्यावयाचें; त्यावर नवा लेख कोरावयाचा; आणि ताज्या अक्षरांवर जुनेपणाचा थर चढवावयाचा. धातु खरी, घडण खरी, खोटा तेवढा इतिहास! याच गांवीं चेन जियेची (१८१३–१८८४) हा थोर संग्राहक राहत होता. सुमारें ५०० अक्षरांचा लेख असलेलें ‘माओ गोंग डिंग’ हें सुप्रसिद्ध पात्र त्याच्यापाशीं होतें. तें आज तैपेइच्या राजवाडा-संग्रहालयांत आहे. बहुतेक विद्वान् तें अस्सल मानतात. तरी विसाव्या शतकांत नोएल बर्नार्ड यांच्यासारख्या अभ्यासकानें त्याविषयीं शंका घेतलीच. बाजारांत खोटें नाणें पसरलें कीं खरें नाणेंहि वाजवून घ्यावें लागतें.

आतां ही पारख कानानाकावर अवलंबून राहिलेली नाहीं. जमिनींत सावकाश गंजलेल्या कांशावर धातूला लागून बहुधा तांबड्या भस्माचा थर असतो व त्यावर हिरवा. आणि हा गंज धातूच्या कणाकणांमधून आंत शिरलेला असतो. कुंचल्यानें दिलेला रंग वरच्यावर बसतो. सरस किंवा रोगण असेल तर द्रावकानें सुटतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं रंगाची पूड वेगळी दिसते. ओतकामाच्या वेळची भाजलेली माती आंत उरली असेल तर तिच्यावरून ती केव्हां भाजली त्याचा अदमास करतां येतो. वॉशिंग्टन येथील फ्रीयर संग्रहांतील चिनी पात्रांची अशी तांत्रिक तपासणी रदरफोर्ड गेटेन्स यांनीं केली, ती इ. स. १९६९ मध्यें प्रसिद्ध झाली. या तपासण्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढें आली आहे: रंग फांसलेलें प्रत्येक भांडें खोटें नसतें. दुकानदारांनीं फुटक्या अस्सल पात्रांना ठिगळें लावून तीं रंगानें झांकलीं, आणि गिऱ्हाइकाला आवडेल असा हिरवा रंग खऱ्या गंजावरहि चढविला. आतां संग्रहालयाच्या रसशाळेंत असें पात्र समोर आलें म्हणजे तो रंग धुवून काढावा, कीं तोहि शेंदोनशें वर्षांचा झाला म्हणून तसाच ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक वेळीं नव्यानें सोडवावा लागतो.