ॲस्ट्रोसॅट : दैनंदिन कार्यवाही

भारताच्या पहिल्या बहुतरंगलांबी अवकाश वेधशाळेचे कक्षेतील व जमिनीवरील रोजचे कामकाज. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने ॲस्ट्रोसॅट सोडला. क्ष-किरण स्रोतांचे वेध हे त्याचे मुख्य काम. त्याच स्रोतांचा अतिनील प्रकाशही तो त्याच वेळी टिपतो. उपग्रहाचे नियंत्रण बेंगळूरुहून होते, तर त्याच्या तीन प्रमुख क्ष-किरण उपकरणांची देखरेख महाराष्ट्रातून होते : सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप (एसएक्सटी) व लॅक्सपीसी यांची मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आणि सीझेडटीआय या उपकरणाची पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातून.

कक्षा : क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या वायव्येस जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी जमिनीवरूनच टिपू शकतात. क्ष-किरणांसाठी मात्र वातावरणाबाहेर जावेच लागते. ॲस्ट्रोसॅटची कक्षा सुमारे ६५० किमी. उंचीवर असून ती विषुववृत्ताशी केवळ ६° कललेली आहे. एका फेरीला सुमारे ९८ मिनिटे लागतात, म्हणजे दिवसाला १४ ते १५ फेऱ्या होतात. शिरूर व दौंड हे तालुके साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने उपग्रह त्यांच्या माथ्यावरून कधीच जात नाही. तो दक्षिणेच्या आकाशातून, क्षितिजापासून १८° हून कमी उंचीवरून निघून जातो. कक्षेचा कल इतका कमी ठेवण्यामागे ठाम कारण आहे. दक्षिण अटलांटिक महासागरावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुर्बळ असल्यामुळे तेथे विद्युतभारित कण खाली उतरतात. या कलामुळे उपग्रह त्या पट्ट्याच्या केवळ कडेला स्पर्शून जातो. तेवढ्या वेळातही उपग्रहावरील भारित कण मापक धोक्याची सूचना देतो आणि नाजूक शोधकांचा उच्च विद्युतदाब उतरवला जातो.

वेधांचे नियोजन : शास्त्रज्ञ आपले प्रस्ताव ठरावीक मुदतीत पाठवतात आणि वेळ वाटप समिती त्यांतून निवड करते. निवडलेल्या लक्ष्यांचे वेळापत्रक आखताना अनेक बंधने पाळावी लागतात. दुर्बिणींच्या रोखापासून सूर्य ठरावीक कोनाहून जवळ असता कामा नये. उपग्रहाच्या गतीच्या दिशेकडे दुर्बिणींचे तोंड वळू द्यायचे नाही. तसे झाल्यास त्या उंचीवरील ऑक्सिजनचे अणू आरशांच्या लेपावर आदळून त्याची झीज करतात. अतिनील दुर्बीण कक्षेच्या रात्रीच्या भागातच वेध घेते आणि फार तेजस्वी तारा दृष्टिक्षेत्रात आल्यास तिच्या शोधकांना इजा होऊ शकते. शिवाय बहुतेक लक्ष्ये प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीआड जातात. त्यामुळे एका स्रोताचा पुरेसा प्रकाश गोळा करायला अनेक फेऱ्या लागतात. एखादा स्रोत अचानक भडकला, तर ठरलेला क्रम बाजूला ठेवून तातडीच्या वेधांना जागा करून दिली जाते.

उपकरणांची देखभाल : एसएक्सटीचा सीसीडी शोधक उणे ८०° सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा लागतो. लॅक्सपीसीचे तीन शोधक वायूने भरलेले असल्याने त्या वायूच्या दाबावर व शुद्धतेवर सतत लक्ष असते. त्यांपैकी एका शोधकातील वायू गळून गेल्यामुळे २०१८ मध्ये त्याचे काम थांबले. सीझेडटीआयमध्ये कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ शोधक असून त्यांचे एकूण १६,३८४ पिक्सेल आहेत. त्यांतील काही पिक्सेल कारण नसताना संकेत देऊ लागतात. असे पिक्सेल शोधून वगळणे हे नेहमीचे काम आहे. उपकरणांचा कस तपासण्यासाठी क्रॅब तेजोमेघासारख्या सुपरिचित स्रोतांचे वेध पुन्हा पुन्हा घेतले जातात.

विदेचा प्रवास : उपग्रह आपली निरीक्षणे स्वतःच्या स्मृतिकोशात साठवतो आणि बेंगळूरुजवळील ब्यालालू केंद्राच्या टप्प्यात आल्यावर काही मिनिटांत खाली पाठवतो. लागोपाठच्या फेऱ्यांच्या विदेत काही भाग दुहेरी येतो. तो जुळवून एकसंध मालिका तयार करावी लागते. प्राथमिक संस्कारानंतर विदा त्या त्या उपकरणाच्या केंद्राकडे जाते. सीझेडटीआयची विदा आयुकात येते, तेथे तिची गुणवत्ता तपासली जाते, दूषित कालखंड वेगळे काढले जातात आणि शास्त्रीय वापरास योग्य अशी विदा इस्रोच्या संग्रहात परत जाते.

या तपासणीतच एक मोठे शास्त्रीय काम दडलेले आहे. सुमारे १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेच्या किरणांना सीझेडटीआयच्या भिंती अडवू शकत नाहीत. त्यामुळे उपकरणाचा रोख कुठेही असला, तरी आकाशाच्या फार मोठ्या भागातील गॅमा किरण स्फोट त्यात नोंदले जातात. म्हणून कोणत्याही लक्ष्याची विदा आली, तरी तीत असे स्फोट शोधले जातात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण सुरू होताच पहिला स्फोट सापडला आणि पुढे ही संख्या ५०० च्या वर गेली. जानेवारी २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींची एक घटना नोंदली गेली, त्यानंतर आकाशाच्या त्याच भागात झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशस्रोत दिसला. दोन्हींचा संबंध असावा अशी शक्यता होती. सीझेडटीआयच्या नोंदींची मदत घेऊन केलेल्या अभ्यासातून तो प्रकाश दुसऱ्याच दिवशी झालेल्या एका स्वतंत्र गॅमा किरण स्फोटाचा असल्याचे सिद्ध झाले.

महत्त्व : क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण स्पंदांच्या मधल्या काळातही बदलते, हा सीझेडटीआयचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सुमारे दीड वर्षातील अनेक वेध एकत्र केल्यानेच हाती आला. त्यातला प्रत्येक वेध नियोजन, विद्युतदाब-नियंत्रण, विदाशुद्धी या पायऱ्यांतून गेला होता. ॲस्ट्रोसॅटचे नियोजित आयुष्य ५ वर्षांचे होते. ती मुदत ओलांडून तो काम करत राहिला, याचे मोठे श्रेय या चिकाटीच्या, प्रसिद्धीपासून दूर असलेल्या रोजच्या श्रमांना द्यावे लागते. मूळ प्रस्तावकांसाठी राखीव असलेला काळ संपल्यावर विदा सर्वांसाठी खुली होते. आयुकातील ॲस्ट्रोसॅट सहाय्य कक्ष ती हाताळण्याचे मार्गदर्शन करतो. त्यामुळे शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक व इंटरनेटच्या बळावर कृष्णविवरांच्या व न्यूट्रॉन ताऱ्यांच्या खऱ्या नोंदींवर स्वतंत्र संशोधन करता येते.