रविवारचा चहा आणि रविकिरण मंडळ

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा इतिहासविषयक लेख असावा, हा प्रघात स्तुत्य आहे. बहुधा अशा लेखांत कुलवृत्तान्त, देवस्थाने व कर्तबगार पूर्वज यांचे वर्णन येते. यंदा आम्ही थोडी वेगळी वाट धरीत आहो. ज्ञातीच्या नात्याने नव्हे, तर कवितेच्या ओढीने दर रविवारी चहाला जमणाऱ्या काही मंडळींची ही हकीकत आहे. एकत्र जमणे म्हणजे काय, त्यातून काय निपजते आणि कोणास त्यात जागा मिळते, हे प्रश्न आपल्या संस्थेसही लागू असल्याने सुज्ञ सभासदांस हा विषय अस्थानी वाटणार नाही, अशी आशा आहे.

चहापासूनच आरंभ करू. आज ज्या पेयावाचून आपल्या कार्यकारिणीची एक सभा पार पडत नाही, त्याच पेयाने एके काळी पुणे शहर हादरवून सोडले होते. सन १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रण होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक व नामदार गोखले यांच्यासारखी माणसे होती. व्याख्यान झाले आणि मग चहा व बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी निमंत्रणाचा मान राखण्यापुरता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी ती नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. शेवटी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर रुष्ट झाले. एका पेल्यावरून एवढे घडले! कोण कोणाबरोबर बसतो व कोणाच्या हातचे घेतो, यावर त्या काळी माणसाची लग्नकार्ये, श्राद्धपक्ष व शेजार अवलंबून होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वादाची तीव्रता उमगते.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९२३ साली, त्याच पुण्यात काही तरुण दर रविवारी उघडपणे चहाला जमू लागले. त्यांत एक विवाहित स्त्री बरोबरीच्या नात्याने बसे. त्यासाठी कोणी ग्रामण्य केले नाही. लोकांनी थट्टा मात्र भरपूर केली. ग्रामण्यापेक्षा थट्टा बरी, असे आम्हांस वाटते. ज्याची थट्टा होते, त्याचे अस्तित्व निदान मान्य झालेले असते.

या मेळाव्यास रविवारच्या चहावरून ‘सन-टी क्लब’ असे गमतीचे नाव होते. पुढे त्यास ‘रविकिरण मंडळ’ हे नाव मिळाले आणि तेच इतिहासात राहिले. मंडळात माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, श्रीधर बाळकृष्ण रानडे व त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, नाट्यछटाकार दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, विठ्ठल दत्तात्रेय घाटे, द. ल. गोखले आणि ग. त्र्यं. माडखोलकर ही मंडळी होती. सभासदांत पुढे काही अदलाबदल झाली. सात पुरुष व एक स्त्री अशा या मेळ्यास लोक ‘सप्तर्षी आणि अरुंधती’ असे म्हणत. या म्हणण्यात कौतुक किती व कुचेष्टा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. केशवसुत १९०५ साली निवर्तले होते. बालकवी १९१८ मध्ये व गोविंदाग्रज १९१९ मध्ये, दोघेही ऐन उमेदीत गेले. १९२० साली लोकमान्यांचा अंत झाला आणि पुण्याचे सार्वजनिक जीवन काही काळ पोरके झाले. कवितेच्या प्रांतात एक प्रकारची निर्नायकी होती. अशा वेळी या मंडळींनी कोणा एकास गुरू न करता परस्परांच्या सहवासाचा आश्रय केला, यात त्यांचे शहाणपण दिसते. त्यांचा पोटापाण्याचा उद्योग पाहावा तर बहुतेक शिक्षणक्षेत्रातले. माधवराव फर्ग्युसन कॉलेजात फार्शी शिकवीत, दिवाकर शाळामास्तर, यशवंत येरवड्याच्या बालगुन्हेगारांच्या शाळेत नोकरीस. सहा दिवस फळा आणि खडू, आणि सातव्या दिवशी कविता. आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकास या मंडळींविषयी विशेष जवळीक वाटते, ती यामुळेच.

मंडळाचा कार्यक्रम साधा होता. एकत्र जमावे, नवी रचना वाचून किंवा गाऊन दाखवावी, तिच्यावर चर्चा व्हावी. परंतु एवढ्यावरच ती थांबली नाहीत. पहिल्याच वर्षी, १९२३ मध्ये, ‘किरण’ हा संग्रह निघाला. पाठोपाठ १९२४ मध्ये ‘उषा’, त्याच वर्षी घाटे व माधव जूलियन या दोघांचा ‘मधुमाधव’ आणि काव्याच्या स्वरूपाविषयी ‘काव्यविचार’ हे पुस्तक. नंतर ‘शलाका’ १९२५ मध्ये व ‘प्रभा’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या गप्पांचे असे छापील फळ हाती देणारी मंडळे आपल्याकडे किती झाली? पुष्कळ वाङ्मयमंडळे उद्घाटनाच्या हारतुऱ्यांतच कोमेजतात, हा अनुभव सर्वांचाच आहे.

दुसरे मोठे कार्य काव्यगायनाचे. तोवर नवी कविता मासिकाच्या पानावर राही व वाचणारे वाचीत. या मंडळींनी ती चालीवर म्हणून श्रोत्यांपर्यंत नेली. यशवंत व गिरीश यांचे काव्यगायन ऐकण्यास गावोगावी गर्दी होई. जे मासिक विकत घेऊ शकत नव्हते, ज्यांस अक्षरओळखही नव्हती, त्यांच्याही कानी कविता पडली. यशवंतांची ‘आई’ ही कविता कित्येक घरांतील स्त्रियांस पुस्तकावाचून पाठ होती. आम्ही वर्गावर ती म्हणून घेत असू तेव्हा मागच्या बाकावरची उनाड मुलेही गप्प होत. काही टीकाकारांचे म्हणणे असे की, गायनामुळे सुमार कविताही गोड वाटू लागली व रसिकांची पारख बिघडली. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. गळा चांगला असला की शब्दांतील उणीव झाकली जाते. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कवितेस मिळालेला तो हजारो श्रोत्यांचा समुदाय ठेवला, तर कोणते पारडे खाली जाते हे सांगावयास नको.

मंडळाची जी थट्टा झाली तिचे मुकुटमणी आचार्य अत्रे होत. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह १९२५ साली निघाला आणि रविकिरण मंडळातील कवींच्या लकबी, त्यांचे फार्शी शब्द व प्रेमाचे उसासे यांची त्यात यथेच्छ टर उडविली गेली. महाराष्ट्र पोट धरधरून हसला. आम्हीही हसलो आहो. पण ज्याचे विडंबन लोकांस कळते, ते मूळ लोकांस आधीच ठाऊक असले पाहिजे, हा साधा मुद्दा हसणारे विसरतात.

‘परस्परांची पाठ थोपटणारी टोळी’ हा आरोप याहून गंभीर आहे. त्याचा विचार फळांवरून करावा. माधवरावांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ सालचा. त्यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथावर १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस डी.लिट. दिली. गज्जल हा प्रकार मराठीत रुजविण्याचे श्रेय त्यांचेच. आरंभी फार्शी शब्दांची लयलूट करणारे हेच गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, ही गंमतही नमूद करण्याजोगी आहे. गिरीशांनी ‘आंबराई’त खेड्यातील जीवन खंडकाव्याचा विषय केले. येरवड्याच्या नोकरीतून यशवंतांस ‘बंदिशाळा’ हे काव्य सुचले. चोरी करून आलेल्या पोरांकडे कवीच्या नजरेने पाहणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दिवाकरांच्या एक्कावन्न नाट्यछटा आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत होतात. मर्ढेकरांसारख्या पुढे नवकवितेचे प्रवर्तक ठरलेल्या कवीच्या १९३९ सालच्या ‘शिशिरागम’वरही माधव जूलियनांची छाया स्पष्ट दिसते. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांस १९३६ साली जळगावास, माडखोलकरांस १९४६ साली बेळगावास, यशवंतांस १९५० साली मुंबईस व घाट्यांस १९५३ साली अहमदाबादेस मिळाले. माडखोलकरांच्या त्या बेळगावच्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस मोठी चालना मिळाली. एका चहाच्या टेबलाभोवतालची चार माणसे संमेलनाध्यक्ष व्हावीत, हे निव्वळ पाठ थोपटण्याने होत नसते.

मात्र एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मंडळ ज्ञातीच्या नावाने जमले नव्हते हे खरे, तरी त्यात बसणारे पुण्याच्या शिकलेल्या पांढरपेशा वर्गातलेच होते. दाराला कडी नव्हती, परंतु दारापर्यंत येण्याची वाट सर्वांस मोकळी नव्हती. हा प्रश्न त्याहून जुना आहे. रानडे व लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांस गेले, तेव्हा त्यांनी येण्याचे नाकारले. जे लोक सर्व माणसांस मानवी हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी पाठविले. त्या पत्राचे उत्तर रविकिरण मंडळाने दिले नाही. दुसऱ्या कोणत्या वाङ्मयमंडळाने दिले, असेही आमच्या पाहण्यात नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्या ज्ञातीचे सभागृह आपल्या वर्गणीतून उभे राहिले असले, तरी त्यातील वाचनास कोण येऊ शकेल, हे एकदा सभेत स्पष्ट ठरावे, अशी आमची सूचना आहे.

मंडळ फार दिवस टिकले नाही. माडखोलकर लवकरच नागपुरास गेले. माधवरावांस पुण्यातील प्राध्यापकी सोडावी लागली आणि १९२८ पासून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते. १९२६ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. १९३१ साली दिवाकर गेले, १९३९ साली माधवराव. गिरीश १९७३ पर्यंत व घाटे १९७८ पर्यंत होते. यशवंतांस दीर्घायुष्य लाभले, ते १९८५ साली निवर्तले.

या सर्वांत मनोरमाबाईंविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. सप्तर्षींची नावे विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतात. अरुंधतीची कविता कोणती, असे विचारल्यास शिक्षकही विचारात पडतात. पतीच्या नावाबरोबर जोडून येणारे नाव, एवढीच त्यांची ओळख उरली. तिशीच्या आत घर सांभाळून कविता लिहिणाऱ्या व पुरुषांच्या बैठकीत ती वाचून दाखविणाऱ्या या बाईंस त्या काळी काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपल्या घरांतील वयस्क स्त्रियांस अधिक येईल.

‘किरण’, ‘उषा’, ‘शलाका’, ‘प्रभा’ यांच्या जुन्या प्रती आता सहजी मिळत नाहीत. ज्या सभासदांच्या घरी वडिलोपार्जित पुस्तकांच्या पेटाऱ्यात यांपैकी एखादी असेल, त्यांनी ती रद्दीत न घालता संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. बांधणी सुटलेली असली तरी चालेल. पाने मात्र सर्व असावीत. प्रत द्यावयाची नसल्यास महिनाभरासाठी दिली तरी तिची नक्कल करून ती सुस्थितीत परत केली जाईल. मनोरमाबाईंच्या कविता असलेली पाने आम्ही आधी उतरवून घेऊ.