जुळ्या कोकरांच्या जनुकाची कुळकथा

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही धनगरांच्या कळपांत आता जुळी देणाऱ्या मेंढ्या आहेत. त्यांच्या या गुणाचे मूळ बंगालच्या सुंदरबनात आहे. तिथली गरोल मेंढी जेमतेम बारा-पंधरा किलोंची, दलदलीत चरणारी. पण दोन-तीन कोकरे तिला नवी नाहीत.

1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजांतून बंगाली मेंढ्या सिडनीला पोचल्या आणि पुढे मेरिनोच्या कळपांत मिसळून गेल्या. त्यांचा गुण मात्र टिकला. न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरूला’ फार्मवर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या वेगळ्या राखल्या. हे सगळे एकाच जनुकामुळे घडते, असे 1980 च्या सुमारास संशोधकांनी मांडले. त्या जनुकाला ‘फेक-बी’ नाव पडले. 2001 मध्ये डीएनएतला नेमका बदल सापडला. तो फक्त एका अक्षराचा होता. पुढच्याच वर्षी तो गरोलमध्येही असल्याचे सिद्ध झाले.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, बी. व्ही. निंबकरांनी त्याआधीच, 1990 च्या दशकात, गरोल मेंढ्या आणल्या होत्या. दख्खनीशी संकर केल्यावर जुळी मिळाली, पण अंग लहान झाले. म्हणून चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी संकरित पिढ्या पुन्हा दख्खनीकडे वळवल्या आणि दर पिढीत जनुक असलेलीच जनावरे पैदाशीला ठेवली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली.

खरी अडचण मेंढा निवडण्याची होती. मेंढा स्वतः वीत नाही, आणि जनुक अंगावर दिसत नाही. मेंढपाळ साहजिकच दांडगे कोकरू मेंढा म्हणून राखतो. ते बहुधा एकटे जन्मलेले आणि आईचे सगळे दूध प्यालेले असते. अशा निवडीत जुळ्यांचा गुण नकळत गळून जातो. रक्ताच्या तपासणीने ही गाठ सोडवली. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा प्रत्येक कोकराला एक प्रत देतोच. एकच प्रत असेल, तर ती सरासरी निम्म्या कोकरांत उतरते.

जुळी कोकरे जन्मतः वजनाला कमी भरतात आणि आईचे दूध दोघांत वाटले जाते. त्यामुळे चांगल्या मेंढ्याइतकीच व्यायला आलेल्या मेंढीला जादा खुराक आणि कोकरांना वरचे दूध यांची सोय लागते. ती नसेल, तर दुसरे कोकरू जगणे कठीण होते.